बुरशीचे लिंकेज नकाशे रद्दीत टाकण्याआधी

जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांमध्ये एक मजकूर फिरतो आहे: ‘बुरशीचे लिंकेज नकाशे म्हणजे अंदाजपंचे काम. अंतरं डीएनएच्या लांबीशी जुळत नाहीत, दर संकरात आकडा बदलतो, जीन कन्व्हर्जननं मेंडेलचं गुणोत्तरच मोडतं, यीस्टमध्ये तर नसलेलं गुणसूत्र दाखवलं होतं. आता सिक्वेन्सिंग आहे, नकाशे रद्दीत टाका.’ यातली बरीच वाक्यं खरी आहेत. निष्कर्ष मात्र त्यांतून निघत नाही. लिंकेज नकाशा म्हणजे गुणसूत्रावर जनुकं कोणत्या क्रमानं आणि एकमेकांच्या किती जवळ बसली आहेत, याचं संकराच्या संततीवरून काढलेलं चित्र.

अंतरं जुळत नाहीत? ती जुळावीत, असं ठरलं कधी होतं? नकाशावरच्या अंतराचं एकक, सेंटीमॉर्गन, हे क्रॉसओव्हर (जोडीतल्या गुणसूत्रांमधली तुकड्यांची अदलाबदल) किती वेळा होतो याचं माप, डीएनएच्या लांबीचं नव्हे. यीस्टमध्ये १ सेंटीमॉर्गन म्हणजे सरासरी ३ हजार बेसजोड्या, न्यूरोस्पोरा क्रासा या बुरशीत सुमारे ४० हजार. प्रवास तासांत मोजला म्हणून वाटेवरच्या गावांचा क्रम बदलत नाही, आणि नकाशाची खरी कमाई क्रम हीच आहे.

शिवाय बुरशीत हे मोजमाप इतरांपेक्षा पक्कं होतं. एका मायोसिसमधून, म्हणजे गुणसूत्रांची संख्या निम्मी करणाऱ्या पेशीविभाजनातून, निघालेले सगळे बीजाणू एकाच पिशवीत, ॲस्कसमध्ये, हाती लागतात. न्यूरोस्पोरात तर आठ बीजाणू शेंगेतल्या दाण्यांसारखे ओळीनं बसलेले असतात. मक्यात किंवा फळमाशीत अशी अख्खी चौकडी सहसा मिळत नाही. समजा दोन जनुकांसाठी १०० टेट्राड, म्हणजे एकेका मायोसिसच्या बीजाणूंचे संच, तपासले: ७० मध्ये फक्त पालकांच्याच जोड्या, २८ मध्ये निम्मे बीजाणू नव्या जोडीचे, २ मध्ये सगळेच नवे. नुसते नवे बीजाणू मोजले तर १६ टक्के. पण ते शेवटचे दोन टेट्राड दुहेरी क्रॉसओव्हरची चुगली करतात. जनुकशास्त्रज्ञ पर्किन्स यांच्या १९४९च्या सूत्रानं २८ मध्ये २ ची सहापट मिळवून निम्मं केलं की अंतर २० सेंटीमॉर्गन येतं. अंदाजपंचे कामात अशी दुरुस्ती होत नाही.

आकडा संकरागणिक बदलतो, हे खरं. न्यूरोस्पोरातली रेक जनुकं ठरावीक पट्ट्यात क्रॉसओव्हर अनेक पटींनी घटवतात. तो जीवाचाच गुण. मोजणाऱ्याचा दोष नाही.

जीन कन्व्हर्जनचा, म्हणजे जनुकाच्या एका प्रतीनं जोडीच्या प्रतीला आपल्यासारखं करून टाकण्याचा, आक्षेप तर गमतीचा आहे. जनुकशास्त्रज्ञ मेरी मिचेल यांना १९५५ मध्ये न्यूरोस्पोरात ते सापडलं, कारण एका मायोसिसची सगळी संतती त्या एकत्र तपासू शकत होत्या. आठ बीजाणूंत दोन पालकांच्या रूपांची वाटणी ४:४ ऐवजी ६:२ दिसते ती याच पद्धतीमुळे. तेही मोजक्या टेट्राडमध्ये, एका लहान तुकड्यापुरतं. शेजारचे मार्कर, म्हणजे गुणसूत्रावरच्या ओळखखुणा, ४:४ च राहतात.

यीस्टचं सतरावं गुणसूत्र? होती चूक. गुणसूत्रं १६च, सतरावं म्हणजे चौदाव्याचाच भाग. दोन जनुकं फार दूर असली की स्वतंत्र वाटतात. पण ही चूक जनुकशास्त्रानंच पकडली: क्रॉसओव्हरच न होणारा यीस्ट वापरला की गुणसूत्र अख्खंच्या अख्खं पुढे जातं, आणि दूरचे मार्करही एकत्र दिसतात. यीस्टचा पूर्ण सिक्वेन्स आला १९९६ मध्ये, याच्या बराच नंतर.

खरी दुखरी जागा त्या मजकुरात आलेलीच नाही. मार्कर दाट असले की एक चुकीचं वाचन दोन खोटे क्रॉसओव्हर उभे करतं आणि नकाशा फुगतो.

राहिली रद्दी. २००३ मध्ये न्यूरोस्पोराचा जिनोम प्रसिद्ध झाला, तेव्हा सिक्वेन्सचे तुकडे सात गुणसूत्रांवर बसवायला याच नकाशातले मार्कर कामी आले. आजही नव्या म्युटंटमधलं जनुक हुडकताना संकर करून संततीचं सिक्वेन्सिंग करतात, आणि कोणता तुकडा त्या गुणाची पाठ सोडत नाही ते बघतात. त्यालाच लिंकेज म्हणतात.