पर्णकुटी विकणे आहे

समोरचा बंगला विकायला निघाला आणि माझ्या सकाळच्या चहाची वाट लागली.

आमच्या फाटकाबाहेर पारिजातक आहे. त्याखाली प्लास्टिकची खुर्ची टाकून पेपर वाचायचा, हा निवृत्तीनंतरचा माझा एकमेव नेम. हल्ली खाली जावं तर खुर्चीवर कुणीतरी अनोळखी माणूस असतो. बसलेला नव्हे, उभा. त्या खुर्चीवर उभं राहिलं की समोरच्या भिंतीवरून आतलं कारंजं दिसतं. हा शोध कुणी लावला देव जाणे, पण तो वडगावपर्यंत पोचलाय. परवा एक गृहस्थ तर चपला काढून चढले होते. संस्कार.

आम्ही धायरीत राहायला आलो तेव्हा समोर ज्वारी होती. पुढे ज्वारी गेली आणि शेताचे गुंठे झाले. 1,089 चौरस फुटांचा गुंठा आणि 40 गुंठ्यांचा एकर, हे शाळेत पट्टी खाऊन पाठ केलेलं कोष्टक. पण त्याच्या जोरावर माणूस रोमन खांब उभे करतो, हे मास्तरांनी सांगितलं नव्हतं. समोरच्या मालकांनी थोडे गुंठे विकले आणि उरलेल्यांवर हा बंगला बांधला. तीन मजले, वर घुमट, पुढे आठ खांब, दाराशी दोन सिंह. उजव्या सिंहाच्या जबड्यात सीसीटीव्ही कॅमेरा आहे, डाव्याच्या जबड्यात साळुंकीचं घरटं. गच्चीवर पंख पसरून बसलेला प्रचंड गरुड ही पाण्याची टाकी आहे. टाकी भरून वाहायला लागली की पाणी गरुडाच्या चोचीतून गळतं आणि पूर्ण गल्लीला कळतं की मोटर बंद करायची राहिलीय.

या सगळ्यावर सोनेरी अक्षरांत नाव आहे: ‘पर्णकुटी’.

लोक यावर हसतात, पण पुण्यात हे नवं नाही. येरवड्याच्या टेकडीवर ठाकरसींचा बंगला आहे, त्याचंही नाव पर्णकुटीच. 1933 साली तुरुंगातून सुटल्यावर गांधीजींनी आपलं 21 दिवसांचं उपोषण तिथे पुरं केलं. आमच्या पर्णकुटीत उपोषणाची सोय नाही. तिथे स्वयंपाकघरंच दोन आहेत, एक दाखवायचं आणि एक करायचं.

तर एका सोमवारी फाटकावर पाटी लागली. ‘विकणे आहे. खऱ्या ग्राहकांनीच चौकशी करावी.’ खालचा फोन नंबर पहिल्याच पावसात पुसला गेला. त्यामुळे खरे, खोटे आणि नुसते फिरायला निघालेले असे सगळेच ग्राहक माझ्याकडे चौकशी करायला लागले.

सुरुवातीला मी उत्साहाने माहिती द्यायचो. आयुष्यभर कचेरीत लोकांना ‘पलीकडच्या खिडकीत विचारा’ एवढंच सांगितलेलं. आता सगळी खिडकीच माझी होती. पण दहा-बारा दिवसांत घसा बसला. मग मी आमच्या फाटकावर पाटी लावली: ‘समोरच्या बंगल्याची चौकशी येथे करू नये.’ त्यानंतर लोक बेल वाजवून विचारायला लागले, “मग कुठे करायची?”

तीन महिने हे काम केल्यावर एक गोष्ट पक्की झाली. माणूस कुणीही असो, क्रम ठरलेला. आधी गाडी थांबते. मग हसू येतं. “काय हा प्रकार! लग्नाचं कार्यालय आहे का?” मग बायकोला गरुड दाखवला जातो. मग सेल्फी. मग एकदम आवाज खाली येतो आणि प्रश्न येतो, “काका, कितीला काढलाय?”

“नऊ कोटी.”

इथे एक शांतता पसरते. हप्त्यावरच्या स्कूटरवर बसलेला, मागे बायको, पुढे पोरगं, हँडलला मेथीची जुडी असा तो माणूस गरुडाकडे नव्याने बघतो आणि म्हणतो, “काही कमी करतील का?”

मग पाच मिनिटं तो बंगला त्याचा असतो. गरुड तो ताबडतोब उतरवतो. सिंह ठेवतो, पण रंग बदलतो. आईला तळमजल्यावरची खोली देतो. “पण सासूबाई आल्यावर?” असं मागून येतं, मग दुसऱ्या मजल्यावर एक खोली सासूबाईंना जाते. आत बेडरूम सात आहेत असं मी सांगितलं की पुरुष खूश होतात, आणि बाथरूम नऊ आहेत म्हटल्यावर बायका विचारतात, “घासणार कोण?” बहुतेक व्यवहार या बाथरूमपाशीच फिसकटतात. स्कूटर चालू होते, आणि जाता जाता तो माणूस मोठ्याने, मला ऐकू येईल असं म्हणतो, “फुकट दिला तरी नको बाबा.”

फुकट कुणीही देत नव्हतं.

जाणकारांचा त्रास याहून मोठा. शेजारचे नाना बांधकाम खात्यातून निवृत्त झालेत. त्यांनी एकदा रखवालदाराचा डोळा चुकवून आत जाऊन खांबावर टकटक केलं आणि गड जिंकून परत आल्यासारखे आनंदाने आले. “पोकळ! आत साधा कॉलम, वरून नुसतं प्लास्टरचं नाटक.” त्यानंतर येणाऱ्या प्रत्येकाला ते खांब पोकळ असल्याचं सांगू लागले, ते इतक्या समाधानाने की जणू बांधकाम खात्यात त्यांनी हयातभर भरीव कामच केलं होतं. रोज फिरायला येणारे एक निवृत्त शिक्षक रोज तेच ऐकवायचे. “शनिवारवाडा किती रुपयांत बांधला माहितीये? 16,110! पाया 1730च्या जानेवारीत आणि वास्तुशांत 1732च्या जानेवारीत. दोन वर्षांत वाडा उभा!” मी एकदा न राहवून म्हटलं, “सर, तो विकायला नाहीये.” त्यावर ते दोन दिवस आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले ते 1828च्या आगीची माहिती घेऊन.

वास्तुशास्त्रवाले वेगळेच. ते हातात होकायंत्र घेऊन माझ्या खुर्चीवर चढतात. बंगल्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात पोहण्याचा तलाव आहे. पाणी ईशान्येला हवं, नैर्ऋत्येला म्हणजे घात, असं एकाने जाहीर केल्यावर जमलेल्या सगळ्यांनी ‘तरीच!’ म्हटलं. बंगल्याचा दलाल तिथेच होता. जरासुद्धा न डगमगता तो म्हणाला, “साहेब, तलावात पाणी आहे कुठे? कोरडा खड्डा आहे. खड्ड्याला दोष नसतो.”

आणि ते खरंच होतं. आमच्या गल्लीत प्यायचं पाणी टँकरने येतं. तलावाची मापं नानांनी घेतली होती (पायाने). 25 फूट लांब, 12 रुंद, 4 खोल. म्हणजे 34,000 लिटर, म्हणजे 10,000 लिटरचे साडेतीन टँकर. मालकांनी बंगल्याच्या वास्तुशांतीला एकदाच तो भरला. त्या दिवशी अख्खी गल्ली तो निळा तलाव बघायला गेली होती. पोहलं कुणी नाही. एवढं पाणी एकत्र बघून बायका नुसत्या काठावर उभ्या होत्या, आणि ‘कपडे किती धुऊन होतील’ असं एक वाक्य मला स्पष्ट ऐकू आलं. ते माझ्या घरातलंच होतं.

बंगला का विकताहेत, यावर तर चहाच्या टपरीवर परिषदा भरल्या. कुणी म्हणे धाड पडली, कुणी म्हणे भावकीत कोर्टकचेरी, कुणी म्हणे पोरगा कॅनडात स्थायिक झाला. सात-बारावर चौदा नावं आहेत, अशी एक बातमी खुद्द मी पसरवली होती. मला ती दुधवाल्याने सांगितली होती. आठवड्याने दुधवाल्यानेच ती मला पुन्हा सांगितली, तेव्हा नावं एकवीस झाली होती.

खरं कारण कळलं ते मालकांच्या आईकडून. म्हातारी दुपारी काठी टेकत आमच्या पारिजातकाखाली येऊन बसायची. खुर्चीवर नव्हे, फाटकाच्या पायरीवर. मागे रखवालदाराच्या खोलीशेजारी तिने चूल मांडली होती, आणि सात बेडरूम सोडून झोपायचीही तिथेच.

“मावशी, वर का नाही राहत?” बायकोने विचारलं.

“कुनाला हाक मारली तर ऐकू येत न्हाई गं,” ती म्हणाली. “पोरगा तिसऱ्यावर, नातू त्या जिममदी, देव खाली. जेवाया बोलवायचं तर फोन लावावा लागतो. मला लावता येत न्हाई.” मग थोडं थांबून, “आन् ती फरशी. चालते का सरकते, कळतच न्हाई. दोनदा पडले. म्हनलं, मला मळ्यातल्या घरी न्या. तर पोरगं म्हनतं, मग समदेच जाऊ.”

एवढंच. धाड नाही, भावकी नाही. हे मी टपरीवर सांगितलं, तर कुणाचाही विश्वास बसला नाही. नाना म्हणाले, “तुम्हाला गुंडाळलं म्हातारीने.”

आता कबूल करायला हरकत नाही. एका रात्री बायको अंधारात म्हणाली, “बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत असते ना?”

मी म्हटलं, “असते. पुण्यात सात टक्के, बाईला सहा.”

“म्हणजे नऊ कोटींवर नऊ लाख वाचले.”

“वाचले.”

“आणि नोंदणी फी?”

“ती 30,000च्या वर जात नाही.”

“बघ! तेही स्वस्त.” मग त्या वाचलेल्या नऊ लाखांचं काय करायचं यावर आमचा वाद झाला. मी म्हटलं मुदत ठेव, ती म्हणाली युरोप. रात्री एकच्या सुमारास आम्ही एकमेकांकडे पाठ करून झोपलो. उरलेले आठ कोटी एक्क्याण्णव लाख आणि वरचं चोपन्न लाख मुद्रांक शुल्क हा विषय दोघांनीही काढला नाही.

सकाळी ती म्हणाली, “आतून एकदा बघून तरी येऊ.” तीन महिने जगाला माहिती देणाऱ्या माणसाने आतला एक जिना पाहिलेला नव्हता. आम्ही लग्नाचे कपडे काढले. तिने पैठणी नेसली, मी ब्लेझर घातला, जो मुलीच्या स्वागत समारंभापासून बटण लागत नसल्यामुळे उघडाच घालावा लागतो. समोरच्याच फाटकात जायचं, म्हणून मुद्दाम रिक्षा केली. ती गल्लीला वळसा घालून आली. रिक्षावाल्याने मीटर टाकताना आमच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती वेगळीच प्रतिक्रिया होती.

दलालाने ओळखलं, पण तो धंद्यातला माणूस. “या साहेब, या मॅडम, नवी पार्टी आलीय,” म्हणत त्याने आम्हाला आणखी एका जोडप्याबरोबर आत घेतलं. ते खरे ग्राहक होते, हे त्यांच्या साध्या कपड्यांवरून लगेच कळलं. ते चपलाही न काढता सगळीकडे फिरले. आम्ही मोजे सावरत त्यांच्या मागून. छताला अठरा झुंबरं. करायच्या स्वयंपाकघरात माळ्यावर नुसत्या स्टीलच्या डब्यांच्या रांगा, ज्या बघून बायकोचा चेहरा पहिल्यांदा खुलला. एका बाथरूममध्ये वाळत घातलेल्या कुरडया. मला तिथे जरा बरं वाटलं.

मग दलालाने आम्हा सगळ्यांना तिसऱ्या मजल्याच्या सज्जात नेलं. “आणि हा व्ह्यू!” म्हणत त्याने हात फिरवला. लांबवर सिंहगड दिसत होता, टीव्हीच्या मनोऱ्यासकट. आणि सिंहगड व सज्जा यांच्या बरोबर मध्ये एक गच्ची होती. त्या गच्चीवर झाकण उडालेली काळी टाकी, त्यावर दगड ठेवून दाबलेला पत्रा, मोडकी बाज, रंगाचे रिकामे डबे, पाच वर्षांच्या गणपतींचे पाच मखर आणि दोरीवर वाळत असलेला एक भोकं पडलेला बनियन.

बनियन मी ओळखला.

“बंगला ठीक आहे हो,” त्या खऱ्या ग्राहकाची बायको म्हणाली. “पण समोर हे काय?”

“कुणी राहतं का तिथे?” नवऱ्याने विचारलं.

दलालाने माझ्याकडे पाहिलं. मी सिंहगडाकडे पाहिलं.

“पाडतील लवकरच,” तो म्हणाला.

“तसं असेल तर जागेचं विचारून ठेवा,” तो गृहस्थ म्हणाला. “पाहुण्यांच्या गाड्या लावायला होईल.” आणि मग हसला. तोच हसणारा सूर, जो मी तीन महिने माझ्या खुर्चीपाशी ऐकत होतो. त्यानंतर त्याने आवाज खाली आणून विचारलं, “कितीला देतील?”

जिना उतरताना बायको पैठणीचा पदर कमरेला खोचून झपझप पुढे गेली. परतीची रिक्षा केली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली गेलो तर खुर्ची रिकामी होती. मी आनंदाने बसतोय तोच दलाल आला. शेजारी पायरीवर टेकला, पारिजातकाची चार फुलं उचलून वास घेतला आणि म्हणाला, “काका, पार्टी पक्की व्हायला आलीय, पण पंधरा लाख कमी मागतात. व्ह्यूमुळे. म्हणजे तुमच्यामुळे. मालक म्हणतात, त्यांच्या खर्चाने तुमची गच्ची आवरून देतो, टाकी बदलतो, भिंती रंगवून देतो. तुम्ही फक्त हो म्हणा.”

मी अपमानाने ताठ झालो. चाळीस वर्षं कुणाचा चहा फुकट घेतला नाही, असं काहीतरी बोलणार होतो. तेवढ्यात मागून, फाटकाच्या आतून, आवाज आला.

“रंग कोणता?”

“मॅडम, तुम्ही म्हणाल तो,” दलाल उठून उभा राहिला. “बंगल्याचा सोनेरी चार डबे शिल्लक आहे.”