बारा इनटेक का काढले: अमळनेरच्या पालकांच्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार भाऊ,

तुमचा एक स्टार आणि त्याखाली लिहिलेलं सगळं वाचलं. बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. आमच्या दोन दिवसांच्या विमान-डिझाइन शिबिराला तुमचा नववीतला मुलगा आला होता. कर्बल स्पेस प्रोग्राम या कॉम्प्युटर खेळात त्याने बारा इनटेकचं, म्हणजे इंजिनाला हवा देणाऱ्या बारा तोंडांचं, विमान घरूनच बनवून आणलं होतं. तुमचं म्हणणं असं, की सरांनी दहा इनटेक उपटून टाकले, इंजिनं बदलली, आणि एवढं करूनही विमान अठरा किलोमीटरवर गरगरत खाली आलं. पोऱ्या रडत घरी आला आणि १,८०० रुपये पाण्यात गेले. शिवाय दुपारी तासभर लाइट नव्हती.

लाइटचं खरं आहे. इन्व्हर्टरवर चारच कॉम्प्युटर चालले, बाकीची मुलं बसून राहिली. त्या तासाचे पैसे सगळ्यांना परत करतोय.

आता विमानाचं. तुम्ही केळीचे बागायतदार आहात असं तुम्हीच लिहिलंय, म्हणून मोटरीच्या भाषेत सांगतो. पाच एचपीची मोटर घ्यायला दुकानात गेलात तर दुकानदार आधी विचारतो, पाणी किती फुटांवर आहे? उथळ विहिरीवर तीच पाच एचपी पाण्याचा लोंढा काढते. खोल बोअरला तेवढ्याच एचपीचा जास्त स्टेजचा पंप लागतो, तो पाणी कमी देतो पण वर चढवतो. जेट इंजिनाचंही तसंच आहे. टर्बोफॅन पुष्कळ हवा घेतो आणि ती बेताच्या वेगाने मागे ढकलतो. डिझेल वाचवावं तसं तो इंधन वाचवतो, प्रवासी विमानाला तोच हवा. पण विमानच वेगात निघालं की त्याने मागे ढकललेल्या हवेचा उपयोग कमी कमी होत जातो. जास्त वेगासाठी हवा थोडी चालेल, पण ती जोरात फेकणारं इंजिन लागतं.

तुमच्या मुलाला मॅक ३ गाठायचा होता, म्हणजे ध्वनीच्या तिप्पट वेग, आणि त्याने लावला होता व्हीस्ली, म्हणजे खेळातला एक टर्बोफॅन. त्याची चूक समजण्यासारखी आहे. यादीत व्हीस्लीचा थ्रस्ट, म्हणजे ढकलण्याचा जोर, १२० किलोन्यूटन दिसतो आणि व्हिपलॅश या जास्त वेगासाठीच्या इंजिनाचा १३०. मुलाने विचार केला, फरक दहाचाच, मग कमी इंधन खाणारं का नको? पण हा आकडा विमान जमिनीवर उभं असतानाचा आहे. वेग वाढला की व्हीस्लीचा जोर ओसरतो. व्हिपलॅशचा वाढत जातो आणि मॅक ३ च्या आसपास जवळपास तिप्पट होतो, कारण समोरून घुसणारी हवाच त्याच्यासाठी दाब तयार करते.

बारा इनटेक कुठून आले तेही मला त्याच दिवशी कळलं. त्याने एक जुना व्हिडिओ पाहिला होता. २०१५ च्या एप्रिलमध्ये १.० आवृत्ती आली, त्याआधी या खेळात इनटेकचे थर रचून जेट इंजिनं फार उंच नेता यायची. त्या आवृत्तीपासून हवेच्या विरोधाचा हिशेबच बदलला. आता एका व्हिपलॅशला एक शॉक कोन, म्हणजे पुढे टोकदार शंकू असलेला इनटेक, पुरतो. जास्तीचा प्रत्येक इनटेक हवेत नुसता अडतो. विहिरीत एकाच मोटरीला पाइपाच्या तळाचे सहा फूटव्हॉल्व्ह, म्हणजे आपले फुटबॉल, जोडून पाणी सहापट येत नाही, तसंच हे.

आणि इनटेक म्हणजे नुसतं भोक नव्हे. इंजिनाच्या पहिल्या पात्यांपाशी हवा ध्वनीच्या निम्म्या वेगाच्या आसपास पोचावी लागते, बाहेर विमान मॅक २ ने जात असलं तरी. मधल्या वाटेत तिला मंदावून दाबायचं काम इनटेकचं. इथून फार लांब नाही, नाशिकजवळ ओझरला एचएएलने, म्हणजे हिंदुस्तान एरोनॉटिक्सने, मिग-२१ ही लढाऊ विमानं बनवली. त्याच्या नाकातला टोकदार शंकू नीट पाहा. वेग वाढला की तो पुढे सरकतो, म्हणजे त्याच्या टोकावरून निघणारी शॉकवेव्ह, म्हणजे दाबल्या गेलेल्या हवेची लाट, इनटेकच्या ओठाजवळ राहते. शॉक कोन हा त्याच घराण्यातला. हे मी मुलांना फोटो दाखवून सांगतो, आणि दरवेळी कोणीतरी विचारतं की शंकूमुळे हवेची वाट अडत नाही का. तो प्रश्न आला की शिबिर सार्थकी लागलं असं मला वाटतं.

म्हणजे इंजिन आणि इनटेक मी बदलले ते बरोबरच होते, आणि आजही तेच सुचवेन. चूक झाली ती पुढे.

एक, दोन्ही इंजिनं पंखांच्या टोकाजवळ होती आणि मी ती तशीच ठेवली. अंतर जास्त असलं की एक इंजिन विझताच दुसरं विमानाला गर्रकन फिरवतं. अमेरिकेच्या एसआर-७१ या अतिवेगवान टेहळणी विमानातही एका बाजूच्या इनटेकमधली शॉकवेव्ह निसटली की विमान इतक्या जोराने वळायचं की वैमानिकाचं हेल्मेट काचेवर आदळायचं. हे माहीत असून मी इंजिनं धडाजवळ आणली नाहीत.

दोन, व्हिपलॅश कसं उडवायचं ते त्याला सांगितलंच नाही. आधी दहा किलोमीटरच्या आसपास कमी चढाने वेग घ्यायचा आणि मगच वर जायचं. त्याने सवयीप्रमाणे नाक सरळ आकाशात धरलं. वर हवा विरळ, त्यात वेग घटलेला, म्हणून एक इंजिन आधी विझलं. मोटरीने हवा धरावी तसं.

तीन, आणि याचंच मला सगळ्यात वाईट वाटतं, मी त्याच्या हातातून माउस घेतला. दहा इनटेक मी काढले, त्याने नाही. आठवडाभर खपून बनवलेलं विमान दोन मिनिटांत दुसऱ्याचं झालं. आधी त्याच्या बारा इनटेकनिशी ते उडवू द्यायला हवं होतं. वेगाचा काटा कुठे अडतो ते त्याने स्वतः पाहिलं असतं तर काय काढायचं ते त्यानेच ठरवलं असतं. तुमची तक्रार या जागी शंभर टक्के योग्य आहे, आणि मी त्याची माफी मागतो. तुमच्याकडेही, आणि त्याच्याकडे त्याहून जास्त.

त्याचं मूळ विमान मी वेगळं जतन करून ठेवलं होतं, बारा इनटेकसकट. तीन नंबरच्या कॉम्प्युटरवर आहे. येत्या कुठल्याही रविवारी सकाळी दहाला त्याला घेऊन देवपूरला या, फी नाही. तुम्हीही बसा. मी खुर्ची मागे ओढून बसेन आणि माउसला हात लावणार नाही. तो जुना व्हिडिओही त्याला सोबत आणायला सांगा, आधी त्यातलंच विमान आजच्या आवृत्तीत उडवून बघू.

— शिबिर चालक, देवपूर, धुळे