‘४के’ छापलेला स्वस्त टीव्ही बॉक्स आणि त्यातून निघणारा मनस्ताप

खोक्यावर ठळक अक्षरांत ‘४के’ छापायला कुणाचीच परवानगी लागत नाही, हेच या सगळ्या त्रासाचं मूळ आहे. त्या छपाईचा अर्थ फक्त एवढाच की आतली चिप ४के फाइल उलगडू शकते. पेनड्राइव्हवरची फाइल लावा, दिसेल. पण माणूस टीव्ही बॉक्स घेतो तो दरमहा पैसे भरलेली ॲप्स बघायला, आणि तिथे हा डबा ४८० पिक्सेलचं धुरकट चित्र दाखवतो. मग बिचारा नेटवाल्याला फोन करतो, राउटर बदलतो, टीव्हीला दोष देतो. दोष यातल्या कशाचाच नसतो, आणि बनवणाऱ्याला ते पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं. याचीच चीड येते.

खरं कारण आहे वाइडवाइन, म्हणजे व्हिडिओची चोरी रोखणारी गूगलची कुलूप-यंत्रणा. पैसे देऊन बघायचा व्हिडिओ कुलूपबंद येतो. एल१ या सगळ्यात वरच्या पातळीच्या उपकरणात ते कुलूप चिपच्या सुरक्षित भागात उघडतं आणि चित्रावरची पुढची प्रक्रियाही तिथेच होते. एल३ या सगळ्यात खालच्या पातळीत सगळं साध्या सॉफ्टवेअरमध्ये होतं, तिथून चित्र चोरणं सोपं असतं, म्हणून बहुतेक मोठ्या सेवा एल३ ला एसडीच्या (म्हणजे त्याच ४८० पिक्सेलच्या धुरकट चित्राच्या) वर काही देत नाहीत. नेटफ्लिक्सचं तर त्याहून कडक आहे: एल१ असूनही भागत नाही, ते मॉडेल त्यांनी स्वतः मंजूर केलेलं असावं लागतं. आणि एल१ ची किल्ली कारखान्यातच बसवतात. नंतर कुठलंही ॲप टाका, कुठलीही फाइल फ्लॅश करा, ती घरबसल्या येत नाही. ‘अमुक ॲपची जुनी आवृत्ती टाकली की एचडी सुरू होतं’ असं सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवून लोक रात्री वाया घालवतात. नका घालवू.

हे असं का होतं तेही ऐका. अँड्रॉइडचा मूळ कोड कुणालाही फुकट घेता येतो. अँड्रॉइड टीव्ही किंवा गूगल टीव्ही मात्र गूगलच्या चाचण्या पार केल्याशिवाय अधिकृतपणे देता येत नाही. मग हे लोक टॅबलेटचं अँड्रॉइड उचलतात, वर मोठ्या चौकोनांचा लाँचर (सुरुवातीचा पडदा दाखवणारं ॲप) चढवतात आणि ‘टीव्ही बॉक्स’ म्हणून विकतात. त्यामुळे अर्धी ॲप्स बोटाच्या स्पर्शाची वाट बघत बसतात, रिमोटवर माऊसचं बटण दाबून बाण सरकवत बसावं लागतं. घरातल्या म्हाताऱ्या माणसांनी हे कसं वापरायचं? प्ले स्टोअर फोनसारखं दिसत असेल तर तिथेच समजा. खात्री करायची तर त्याच्या सेटिंग्जमध्ये ‘अबाउट’खाली ‘प्ले प्रोटेक्ट सर्टिफिकेशन’ बघा. उपकरण प्रमाणित नाही असं दिसलं तर परत करायची मुदत संपायच्या आत परत करा. वाइडवाइनची पातळी ‘डीआरएम इन्फो’ नावाच्या छोट्या ॲपमध्ये दिसते. ही दोन कामं पहिल्या दहा मिनिटांत करा, लॉगिन वगैरे नंतर.

मेमरीबद्दल तर सरळ खोटं बोलतात. खोक्यावर ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण. आत १ आणि ८. सेटिंग्जच्या पानावर दिसणारे आकडेसुद्धा फर्मवेअरमध्ये (डब्यात आधीच भरलेल्या सॉफ्टवेअरमध्ये) बदलून ठेवलेले असतात, म्हणजे तपासणाऱ्यालाही फसवायची तयारी आधीच केलेली. त्या पानावर विसंबू नका. १० जीबीच्या आसपास व्हिडिओ फाइली आत कॉपी करा, डबा बंद करून चालू करा आणि त्या फाइली शेवटपर्यंत चालतात का बघा. खोटी साठवण तिथे उघडी पडते. अँड्रॉइडच्या आवृत्तीचंही तसंच. ‘१३’ लिहिलेलं असतं, पण माहिती दाखवणाऱ्या ॲपमध्ये एपीआय लेव्हल (अँड्रॉइडच्या प्रत्येक आवृत्तीचा आतला क्रमांक) २९ दिसली तर ते अँड्रॉइड १० आहे. १३ ची लेव्हल ३३ असते. नाव बदलणं सोपं असतं. लेव्हल बदलली तर ॲप्स कोसळायला लागतात, म्हणून ती बरेचदा तशीच सोडलेली असते.

आता वीज. माहितीपत्रकात चित्र काढतात: स्टिक (थेट टीव्हीत खुपसायचा पेनड्राइव्हसारखा छोटा बॉक्स) टीव्हीत, तिची वायर टीव्हीच्याच यूएसबीत, झालं काम! टीव्हीचा साधा यूएसबी २.० पोर्ट नियमाप्रमाणे ५०० मिलिअँपिअर देतो, म्हणजे ५ व्होल्टवर अडीच वॅट. निळा ३.० असेल तर ९०० मिलिअँपिअर. स्टिकला किमान १ अँपिअर हवा, बॉक्सला बहुधा २. मेनूमध्ये सगळं ठीक चालतं, कारण तिथे चिपला काम नसतं. व्हिडिओ सुरू झाला की चिप आणि वायफाय एकदम वीज ओढतात, व्होल्टेज खाली बसतं आणि डबा पुन्हा लोगोवर येतो. लोक त्याला ‘हँग होतो’ म्हणतात आणि फॅक्टरी रीसेट मारत बसतात. रीसेटने वीज वाढत नाही! ५ व्होल्ट २ अँपिअरचा चांगला ॲडॉप्टर भिंतीच्या सॉकेटमध्ये लावा आणि सोबतची आखूड वायर वापरा. लांब, बारीक वायरीतही व्होल्टेज पडतं. गोल पिनच्या बॉक्सबाबत मात्र जपून: ५ आणि १२ व्होल्टच्या ॲडॉप्टरच्या पिना एकसारख्या असू शकतात, आणि चुकून १२ चा लावला तर डबा कायमचा गेला. ॲडॉप्टरवरची बारीक अक्षरं वाचल्याशिवाय काहीही खुपसू नका.

चित्रच येत नसेल तर एचडीएमआयकडे बघा. ४के ६० हर्ट्झला एचडीएमआय २.० लागतं, १.४ वर ३० हर्ट्झपर्यंतच जातं. संरक्षित ४के साठी एचडीसीपी २.२ (वायरीतून जाणाऱ्या चित्राचं कुलूप) बॉक्सपासून टीव्हीपर्यंतच्या प्रत्येक उपकरणात हवं. जुना साउंडबार किंवा स्प्लिटर मध्ये आला की पडदा काळा होतो किंवा चित्र १०८० वर उतरतं. आणि कित्येक टीव्हींत सगळे पोर्ट सारखे नसतात, असले तरी पूर्ण क्षमतेचा सिग्नल प्रत्येक पोर्टसाठी सेटिंगमधून चालू करावा लागतो. सॅमसंगमध्ये त्याला ‘इनपुट सिग्नल प्लस’ म्हणतात, एलजीमध्ये ‘डीप कलर’, सोनीमध्ये ‘एन्हान्स्ड फॉरमॅट’. एकाच गोष्टीला प्रत्येकाचं वेगळं नाव, तेही मेनूच्या चौथ्या थरात. घेणाऱ्याने हे कुठून ओळखायचं?

वायफायचं थोडक्यात. स्टिक टीव्हीच्या मागे, पत्र्याला चिकटून बसते आणि तापतेही. सोबत वीतभर एचडीएमआय वायर आली असेल तर ती फेकू नका, तिने स्टिक बाहेर काढा, सिग्नल आणि हवा दोन्ही मिळतात. स्वस्त बॉक्समध्ये बरेचदा फक्त २.४ गिगाहर्ट्झ असतं, आणि शेजारी यूएसबी ३.० ची डिस्क लावली की तिचा गोंगाट नेमका त्याच पट्ट्यात येतो. जमत असेल तर लॅनची वायर लावा. १०० एमबीपीएसचा पोर्ट ऑनलाइन बघायला भरपूर आहे, ४के ला २५ स्थिर मिळाले तरी पुरे.

वायफाय जोडलंय, तरी प्रत्येक ॲप ‘कनेक्शन नाही’ म्हणतं? तारीख बघा. यात घड्याळाची बॅटरी नसते, वीज गेली की तारीख कित्येक वर्षं मागे जाते आणि सुरक्षित जोडणीची प्रमाणपत्रं अमान्य ठरतात. तारीख-वेळ ‘ऑटोमॅटिक’ करा, टाइम झोन नीट निवडा, डबा एकदा बंद-चालू करा. एका ओळीत छापता येण्यासारखी ही गोष्ट एकाही पत्रकात का नसावी?

यापुढचं मात्र नुसत्या मनस्तापाचं नाही, गुन्ह्याचं आहे. जानेवारी २०२३ मध्ये टी९५ नावाच्या बॉक्समध्ये कारखान्यातूनच घातलेलं मालवेअर (घातक सॉफ्टवेअर) उघडकीला आलं. डिसेंबर २०२४ मध्ये जर्मनीच्या सायबरसुरक्षा यंत्रणेने ‘बॅडबॉक्स’ नावाच्या अशाच मालवेअरने बाधित सुमारे ३०,००० उपकरणांचा ते चालवणाऱ्या गुन्हेगारांच्या सर्व्हरशी असलेला संपर्क तोडला. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने अशाच उपकरणांबद्दल जाहीर इशारा दिला. असा डबा तुमचं इंटरनेट तुमच्या नकळत परक्यांना वापरायला देतो, म्हणजे त्यांचे उद्योग तुमच्या पत्त्यावरून होतात. मालवेअर सिस्टिमच्या भागातच असल्यामुळे फॅक्टरी रीसेटने ते जात नाही. ‘सगळे चॅनेल फुकट’ म्हणणारा किंवा प्ले प्रोटेक्ट बंद करायला सांगणारा डबा असेल तर तो आत्ता वायरीसकट काढा, फोनवरून गूगल खात्यातल्या उपकरणांच्या यादीतून त्याला साइन आउट करा आणि त्यावर टाकलेला प्रत्येक पासवर्ड बदला.