बाटलीत जमलं म्हणून जमिनीत जमतंच असं नाही

दूषित मातीत ऑक्सिडंट (विषाचं ऑक्सिडीकरण करून ते मोडणारं रसायन) सोडून ती जागेवरच साफ करण्याबद्दल एक दावा बराच फिरतोय: “ऑक्सिडंट सोडा आणि मोकळे व्हा. प्रयोगशाळेत विष दिवसभरात संपतं, मागे उरतं ते पाणी आणि कार्बन डायऑक्साइड. जागेवरची चाचणी हा निव्वळ वेळकाढूपणा.” यातलं रसायनशास्त्र बरंचसं बरोबर आहे, फक्त जमीन विचारातच घेतलेली नाही.

“प्रयोगशाळेत संपतं.” संपणारच. तिथे माती पाण्यात घुसळलेली असते, कणाकणाला ऑक्सिडंट भेटतो. जमिनीत द्रावण वाळूच्या थरातून सोपी वाट धरतं आणि चिकणमातीत मुरलेलं विष जागचं हलत नाही. शिवाय ऑक्सिडंट फक्त विषावरच खर्च होतो, असंही नाही. ट्रायक्लोरोइथिलीन हे ग्रीस काढायला वापरलं जाणारं विषारी द्रावक घ्या: त्याच्या १ ग्रॅमला साधारण २.४ ग्रॅम पोटॅशियम परमँगनेट हा ऑक्सिडंट लागतो. समजा, एक घनमीटर माती १,७०० किलो भरली आणि तिच्यात हे द्रावक किलोमागे ५० मिलिग्रॅम आहे. म्हणजे एकूण ८५ ग्रॅम. त्याला साधारण २०४ ग्रॅम परमँगनेट पुरेल. पण त्याच मातीतले सेंद्रिय पदार्थ आणि खनिजं किलोमागे २ ग्रॅम जरी गिळत असतील, तर त्यांनाच ३.४ किलो लागेल. मुद्दलापेक्षा व्याज कितीतरी जास्त!

“विहिरीचं पाणी स्वच्छ आलं, म्हणजे काम झालं.” सगळ्यात जास्त फसवणूक इथे होते. इतकं द्रावण दाबाने सोडल्यावर दूषित पाणी बाजूला ढकललं जातं, पातळ होतं आणि आकडा आपोआप उतरतो. म्हणून सोबत ऑक्सिडंटला दाद न देणारा एखादा क्षार सोडतात. नमुन्यात तो किती आला यावरून विहिरीत सोडलेलं पाणी किती, हे कळतं. उरलेली घट ती खरी. क्लोराइड वाढलंय का, हेही बघतात, कारण ट्रायक्लोरोइथिलीनचा रेणू पूर्ण फुटला की तीन क्लोराइड सुटतात. आणि नमुना गुलाबी असेल तर? मग परमँगनेट अजून शिल्लक आहे आणि प्रयोगशाळेत पोचेपर्यंत बाटलीतच सफाई चालू राहते. त्यावर उपाय म्हणजे नमुना घेताक्षणी त्यात ॲस्कॉर्बिक ॲसिड घालायचं (होय, तेच क जीवनसत्त्व). गुलाबी रंग डोळ्यांदेखत उडतो. हे न करता जाहीर केलेल्या ‘९९ टक्के’वर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

त्यातही ऑक्सिडंट संपल्यावर चिकणमातीतलं विष पुन्हा बाहेर झिरपतं आणि काही महिन्यांनी आकडा वर चढतो. तेव्हाचा नमुना घेतलाच नाही, तर यश कागदावरच राहतं.

“दुष्परिणाम नाहीत.” मातीतलं त्रिसंयुजी (कमी घातक) क्रोमियम ऑक्सिडंटमुळे विषारी षट्संयुजी रूपात जाऊ शकतं. परमँगनेटमागे मँगनीज डायऑक्साइडचा तपकिरी साका राहतो, तो मातीची छिद्रं बुजवतो. पेरॉक्साइड या दुसऱ्या ऑक्सिडंटने उष्णता आणि वायू तयार होतात, वाफा वर येतात. वर इमारत असेल तर ही गंभीर बाब आहे.

“कुठलाही ऑक्सिडंट चालतो.” अजिबात नाही. बेंझिनसमोर परमँगनेट जवळजवळ निरुपयोगी आहे. पेरॉक्साइड काही तासांत किंवा दिवसांत संपतं. परसल्फेट या तिसऱ्या ऑक्सिडंटला बहुधा उष्णता, लोह किंवा अल्क लावून जागं करावं लागतं.

राहिला वेळकाढूपणा. एका बोअरमधून द्रावण किती लांब पोचतं आणि किती दाबाला ते जमिनीवर उफाळून येतं, हे छोट्या तुकड्यावर करून बघितल्याशिवाय कळत नाही. ४ मीटर धरलेला पल्ला प्रत्यक्षात २ मीटर निघाला, तर बोअर चौपट लागतात. हे पूर्ण जागेवर काम उरकल्यावर कळलं, तर मधल्या पट्ट्यांसाठी यंत्रं पुन्हा आणावी लागतात.