साखळी विंडलासवर सोडून झोपू नका

‘नांगर टाकण्याच्या पाच सोप्या युक्त्या’ हा सगळीकडे फिरणारा संदेश परवा भाचीने मला पाठवला. ती नुकतीच शिडाची होडी हाकायला शिकते आहे आणि विचारते, “हे बरोबर आहे ना?” नाही, बरोबर नाही. पहिली युक्ती तर होडी खडकावर नेऊन घालेल.

ती युक्ती अशी: ‘साखळी विंडलासवर आवळली की झालं, वेगळं बांधायची गरज नाही.’

विंडलास हे यंत्र नांगराची साखळी वर ओढण्यासाठी असतं, रात्रभर होडी धरून ठेवण्यासाठी नाही. त्याच्या खाचांच्या चाकावर साखळीचा जास्तीत जास्त अर्धा वेढा बसतो, पुष्कळदा त्याहून कमी. ते चाक धरलेलं असतं क्लचच्या घर्षणाने. लाटेने नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, वर उचलली की साखळी ताणते आणि हिसका थेट शाफ्ट, बेअरिंग, गिअरबॉक्स यांच्यावर बसतो. मग एकतर क्लच घसरतो, नाहीतर साखळी खाचांतून उडते. धावत सुटलेली साखळी हाताने धरायला गेलात तर बोटं जातील. आणि हे माझं एकट्याचं मत नाही. विंडलास बनवणाऱ्या लुमार कंपनीच्या पुस्तिकेतच सूचना आहे की होडी नांगरावर असताना साखळी स्टॉपरने (साखळी अडवणाऱ्या खटक्याने) किंवा तशाच भक्कम जागी धरलेली असली पाहिजे. बनवणाराच नको म्हणत असेल तर वाद कशाचा घालायचा?

‘साखळीचं वजन हिसके सोसतं’ असं त्यात कारण दिलंय. मंद वाऱ्यात ते खरं आहे, तेवढं मान्य. पण वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. १५ नॉटचा वारा ३० झाला की ओढ चौपट. तेव्हा साखळीला पडलेला झोळ जवळपास नाहीसा होतो आणि ती सळईसारखी ताठ उभी राहते.

म्हणून हिसके सोसणारा स्नबर लागतो: तीन पिळांचा नायलॉनचा दोर, १० ते १२ मीटरच्या होडीला साधारण १२ मिलिमीटर जाडीचा, ८ मीटर तरी लांब. फार जाड घेतला तर ताणतच नाही. त्याचं एक टोक हुकने किंवा रोलिंग हिच या गाठीने साखळीला लावा, दुसरं नाळेवरच्या क्लीटला, म्हणजे दोर अडकवायच्या खुंटीला. मग साखळी आणखी मीटर-दोन मीटर सोडा, म्हणजे ओढ दोरावर येते आणि मधली साखळी सैल लोंबते. शेवटी साखळी स्टॉपरवर किंवा दुसऱ्या क्लीटवर अडकवा. हे विसरलात तर दोर तुटताक्षणी भार पुन्हा विंडलासवरच येतो. दोर जिथे कडेवरून वळतो तिथे जाड कापड गुंडाळा. त्यातून पाणी झिरपतं आणि घासणारा दोर थंड राहतो.

‘स्नबरला डायनीमा वापरा, तो सगळ्यात मजबूत’ ही चौथी युक्ती. डायनीमा म्हणजे एका कृत्रिम धाग्याचा दोर. मजबूत आहेच. पण तो ताणत नाही, आणि इथे ताणणंच तर हवंय! शिवाय गुळगुळीत असल्याने साखळीवरची गाठ सरकते.

‘खोलीच्या पाचपट साखळी’ ही दुसरी. आकडा ठीक, खोली चुकीची. खोली ४ मीटर, नाळ पाण्यापासून १.२ मीटर वर आणि भरतीचं २ मीटर पाणी अजून चढायचं असेल, तर हिशोब ७.२ मीटरचा. पाचपट म्हणजे ३६ मीटर. संदेशाप्रमाणे २० सोडलीत तर भरतीला तिप्पटही उरत नाही.

‘क्लीटला जितके वेढे तितकी पकड’ ही तिसरी. खरं तर पुरे एवढंच: बुडाशी एक पूर्ण वेढा, दोन इंग्रजी आठ, वर एक अडकवणारा फास. बस्स. जास्त वेढ्यांनी घाईत दोर सोडवायला वेळच लागतो.

पाचवी म्हणते, साखळीचं आतलं टोक शॅकलने (खिळीच्या लोखंडी कडीने) पक्कं करा. टोक बांधायलाच हवं, नाहीतर सगळी साखळी समुद्रात जाईल. पण बांधायचं ते दोराने, साखळीच्या कप्प्यातल्या भक्कम कडीला, आणि तो दोर इतका लांब ठेवायचा की साखळी पूर्ण सुटल्यावर तो डेकवर दिसेल. नांगर खडकात अडकलाय, वारा किनाऱ्याकडे वळलाय, अशा वेळी सुरीने तो एका झटक्यात कापता येतो. गंजलेला शॅकल ताणाखाली उघडत नाही.