सुगीची नोटीस कुठल्या भाषेत?

गेल्या रविवारी मेरानला द्राक्षांच्या सुगीचा उत्सव बघायला गेलो होतो. इटलीच्या उत्तर टोकाला, आल्प्सच्या कुशीतलं हे छोटं शहर. ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवार-रविवारी इथं हा उत्सव भरतो, 1886 पासून. मी नोकरीसाठी बोझेनला राहतो, तिथून आगगाडीनं पाऊण तासाचं अंतर.

पासर नदीच्या काठानं माणसांची रीघ लागली होती. कातडी चड्ड्या घातलेली बँडपथकं, द्राक्षांनी आणि सफरचंदांनी मढवलेले रथ, भोकाच्या कढईत चेस्टनट भाजणारे म्हातारे. एका बाईकडून तळलेलं क्राप्फन घेतलं. आत खसखशीचं सारण, कडा दाबून बंद केलेल्या. आईच्या हातची करंजीच ती, नुसती मुरड तेवढी नव्हती.

मग कुणीतरी कार्यक्रमाचं पत्रक हातात दिलं. अर्धं जर्मन, अर्धं इटालियन. रथ किती वाजता निघणार, रस्ते कुठं बंद, चुकलेलं मूल कुठं न्यायचं, सगळं दोन्ही भाषांत आणि अक्षरं सारख्याच आकाराची. इथल्या माणसांना त्यात बघण्यासारखं काही वाटत नाही. मी मात्र ते घडी घालून खिशात ठेवलं, कारण मला आमच्या गावचा फळा आठवला.

आमचं गाव बेळगावच्या पश्चिमेला, उचगावच्या बाजूला, मार्कंडेय नदीच्या खोऱ्यात. सगळं भाताचं शिवार. काही वर्षांपूर्वी ऐन सुगीत पाऊस आला आणि कापून पसरलेलं भात पाण्यात गेलं. लोंब्यांना जागच्या जागी मोड आले. नुकसानीचे अर्ज द्यायची नोटीस गावच्या फळ्यावर लागली, फक्त कन्नडमध्ये. आप्पांना कन्नड अस्खलित बोलता येतं, वाचता येत नाही. ते रोज त्या फळ्यासमोरून शेताकडं जात होते. शेवटी शेजारच्या शिवारातल्या कन्नड काकांनी विचारलं, "अर्ज दिला का नाही?" तेव्हा मुदत संपून दोन दिवस झाले होते. आप्पांनी नोटिशीचा फोटो पाठवून मला फोन केला, "काय लिवलंय बघ गा त्यात." मी शाळेत कन्नड शिकलेला. हजारो मैलांवर बसून मी त्यांना त्यांच्याच शेताची नोटीस वाचून दाखवली. तो फोन मी विसरलेलो नाही.

मेरान ज्या दक्षिण टिरोल प्रांतात येतं, तो मुलूख पहिल्या महायुद्धापर्यंत ऑस्ट्रियाचा. 1919 च्या तहानं तो इटलीला मिळाला. नंतर फासिस्टांनी जर्मन शाळा बंद केल्या, गावांची नावं बदलली. लोकांनी घरांत, गोठ्यांत चोरून मुलांना जर्मन शिकवलं. 1946 मध्ये इथल्या जर्मन भाषकांच्या हक्कांसाठी दोन्ही देशांत करार झाला, पण तो नीट पाळला गेला नाही. 1961 च्या जूनमध्ये एका रात्रीत इथं विजेचे कितीतरी मनोरे स्फोटानं उडवले गेले. 1972 मध्ये स्वायत्ततेचा दुसरा कायदा आला आणि 1992 मध्ये ऑस्ट्रियानं हा वाद मिटल्याचं जाहीर केलं. या सगळ्यात सीमा तसूभरही हलली नाही. सरकारी खिडकीवर जर्मन बोलायचं की इटालियन, हे मात्र नागरिक ठरवू लागला. खिडकीपलीकडच्या माणसाला दोन्ही भाषांची परीक्षा द्यावी लागते.

आमच्याकडं 1956 पासून एक नोव्हेंबर आला की एकाच शहरात राज्योत्सव आणि काळा दिन. महाराष्ट्राचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. 2024 च्या कायद्यानं पाट्यांवर 60 टक्के कन्नड सक्तीचं झालं. 2025 च्या फेब्रुवारीत भाषेवरून बसमध्ये वाद झाला, कंडक्टरला मारहाण झाली आणि दोन्ही राज्यांच्या बसगाड्या काही काळ थांबल्या. त्या मारहाणीचं समर्थन कुणी करू नये. आमच्या लोकांनी तर मुळीच नाही.

सीमाप्रश्न सुटेपर्यंत बाकी काही मागायचंच नाही, हे मला पटत नाही. जिथं 15 टक्के लोक एखादी भाषा बोलतात, तिथं सरकारी सूचना त्या भाषेतही द्याव्यात, असं भाषिक अल्पसंख्याकांसाठीची केंद्राची योजनाच सांगते. बेळगाव आणि खानापूर तालुक्यांत मराठी माणूस त्याहून कितीतरी जास्त आहे. मराठीत नोटीस मागितली म्हणून न्यायालयातला दावा लेचापेचा होत नाही. आणि ती मराठीत दिली म्हणून कन्नडचं काही कमी होत नाही. ते पत्रक जर्मनमध्ये छापून इटलीचं काय गेलं? खिडकीपलीकडच्या माणसाला मराठी यावं असं म्हणायचं, तर त्या खिडकीत बसायला निघालेल्या आमच्या पोरांनीही कन्नड वाचायला-लिहायला शिकायला हवं. हे मी गावात बोललो तेव्हा काही जण नाराज झाले. तरी माझं मत तेच आहे.

इथलं सगळंच उचलून न्यावं असंही नाही. जर्मन मुलांच्या शाळा वेगळ्या, इटालियन मुलांच्या वेगळ्या. सरकारी नोकऱ्यासुद्धा भाषागटांच्या प्रमाणात वाटलेल्या. उत्सवातही लांब बाकांवर बसलेले घोळके बरेचसे आपापल्या भाषेचे होते. आमच्याकडं आम्ही सुगी म्हणतो, काका सुग्गी म्हणतात, आणि मळणीला एकमेकांच्या खळ्यावर जातो. मेरानमध्ये मला हे दिसलं नाही.

संध्याकाळी परतताना गाडीतून आप्पांना पत्रकाचा फोटो पाठवला. त्यांनी लगेच फोन केला.

"ह्यात दोन भाषा हाईत व्हय? शेतकऱ्यास्नी सगळंच असं देत्यात?"

"सगळं, आप्पा. अर्ज, पावत्या, नोटिसा."

थोडा वेळ ते काहीच बोलले नाहीत. मग भाताचं सांगू लागले. वरच्या वाफ्यातलं भात पिकलंय, महिनाअखेरीला कापतील. एक नोव्हेंबरला ते नेहमीप्रमाणे काळ्या दिनाच्या सायकल फेरीला जाणार. त्या दिवशी भात शेतात पसरलेलं असेल. आभाळ आलं तर काका ते गोळा करून ताडपत्रीखाली घालणार आहेत. तसं दोघांचं ठरलंय.