मनगट मोडण्याची योग्य पद्धत

फौजेत जाणाऱ्या पोरांना धावायला आणि छाती फुगवायला शिकवणाऱ्या अकॅडम्या गावोगावी आहेत. मनगट कसं मोडावं, हे मात्र कुणी शिकवत नाही. मग वीस-बावीस वर्षांनी माणूस पेन्शनवर पुण्याला येतो, धानोरीत दोन खोल्या घेतो आणि अपंगत्वाच्या पेन्शनसाठी अपिलाची फाइल काखोटीला मारून हिंडत बसतो. तेव्हा जे अजून सेवेत आहेत त्यांनी हे नीट वाचा. जे निवृत्त झालेत त्यांनीही वाचा. त्यांना उपयोग नाही, पण वेळ भरपूर असतो.

पहिली गोष्ट म्हणजे, मोडायचंच तर अर्धवट मोडू नका. हात कोपरापासून गेला, तर त्यासाठी पुण्यासारखं शहर नाही. वानवडीचं कृत्रिम अवयव केंद्र 1944 पासून आहे आणि खडकीची, जखमी जवानांना हुन्नर शिकवणारी क्वीन मेरीज संस्था त्याहून जुनी. नसलेला हात कुणालाही दिसतो. पंचाईत होते ती असलेल्या हाताची. तो जागच्या जागी असतो, पाचही बोटं शाबूत असतात, सॅल्यूटही कडक बसतो. फक्त त्याला बादली उचलत नाही, शर्टाचं वरचं बटण लागत नाही आणि रात्री अडीचला मुंग्या येऊन तो मालकाला उठवून बसवतो. अशा धडधाकट दिसणाऱ्या हातावर, अपंगत्वाचे टक्के ठरवणाऱ्या मेडिकल बोर्डाने विश्वास तरी कसा ठेवायचा?

आता हाड निवडू. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटात, काजूएवढं स्कॅफॉइड नावाचं हाड असतं. तळहातावर पडलात की मनगटातल्या छोट्या हाडांपैकी बहुतेकदा तेच मोडतं. लबाड इतकं की पहिल्या एक्स-रेत पुष्कळदा दिसतच नाही. त्याला रक्त मिळतं ते उलट्या बाजूने, बोटांकडून मागे. त्यामुळे मोडल्यावर मागचा तुकडा उपाशी राहतो, जुळत नाही, आणि काही वर्षांनी सगळं मनगट झिजवून टाकतो. तोवर तुम्ही तीन युनिटं बदललेली असता आणि तो एक्स-रे काढणारा स्वतःच रिटायर झालेला असतो.

म्हणून पडल्यावर शूरपणा करू नका. तुम्ही काय करणार ते माहीत आहे. एमआय रूममधून, म्हणजे युनिटच्या दवाखान्यातून, दोन गोळ्या आणि क्रेप बँडेज घेणार, परवा बीपीईटी ही शारीरिक चाचणी आहे म्हणून परत मैदानात जाणार, आणि उस्ताद ‘शाब्बास’ म्हणाले की सगळं दुखणं विसरणार. ती शाब्बासकी कागदावर येत नाही. हात छातीशी धरा आणि आधी दुखापत अहवालाचा आयएएफवाय-2006 हा फॉर्म मागा. साक्षीदार दोन असू द्या, तेही दीर्घायुषी. दोन आठवड्यांनी पुन्हा एक्स-रे मागा. लोक तुम्हाला कामचोर म्हणतील. म्हणू द्या, पुढे फाइलला त्याचा आधारच होईल.

नसेचा आजार तर अजिबात लावून घेऊ नका. कार्पल टनेल हा गरिबाचा आजार नव्हे, त्याला पुरावे फार लागतात. वर्षानुवर्षं रस्त्याच्या कामावर रॉक ड्रिल धरून हादरे खाल्लेल्या सॅपरची, म्हणजे इंजिनिअर दलातल्या जवानाची, मनगटातली नस दबते, अंगठा आणि शेजारची बोटं बधिर होतात. हादऱ्यांनी असं होतं, हे डॉक्टरांना ठाऊक आहे. पण नस नक्की कोणत्या तारखेला दबली, कुठे दबली, तेव्हा तुम्ही ड्यूटीवर होता की रजेवर? नसेने डायरी ठेवलेली नसते. मग कागदावर शेरा पडतो, ‘सेवेमुळे उद्भवलेला नाही, सेवेमुळे वाढलेलाही नाही.’ म्हणजे भरतीच्या वेळी ठणठणीत म्हणून घेतलेल्या माणसाला तो बहुधा मेसच्या खिचडीतून झाला.

यापुढचं गणित मात्र मन लावून समजून घ्या, कारण ते शाळेत शिकवत नाहीत. जुन्या नियमांनुसार, शंभर टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या 30 टक्के अपंगत्वाचा भाग मिळतो, त्याखाली त्याच प्रमाणात. दुखणं सेवेमुळे झालं किंवा वाढलं हे मान्य झालं, की उरलेली अट एकच, निदान 20 टक्के हवं. आणि 20 मिळाले की ‘ब्रॉड बँडिंग’ होऊन त्याचे थेट 50 धरतात. म्हणजे पगार 40,000 असेल तर 20 टक्केवाल्याला महिना 6,000. आणि 19 टक्केवाल्याला? शून्य. त्या एका टक्क्यात किती पैसा दडलाय ते बघा, आणि मग ‘15 ते 19 टक्के’ हा शेरा इतक्या फायलींत का भेटतो, याचा विचार करू नका. वैद्यकशास्त्र अचूक असतं. (सप्टेंबर 2023 पासून नियमच बदललेत, तेव्हा निवृत्तीची तारीख निवडतानाही थोडी दूरदृष्टी ठेवावी.)

सोसायटीत कुणाचा तरी मुलगा अमेरिकेत असतोच. तो व्हिडिओ कॉलवर सांगेल की तिथे मनगट कमी वळलं तर फार तर 10 टक्के मिळतात, पण ते वाईट स्थितीत पार आखडलं आणि हात कामाचा असला तर 50. शिवाय डावखुऱ्याचा डावा हात हाच कामाचा धरतात. हेवा करू नका. तिथले माजी सैनिकही अपिलंच करत बसलेले असतात, फक्त इंग्रजीत.

तुम्ही अपील करा. मुदत सहा महिने. आधी पहिली समिती, मग दुसरी समिती, दोन्हींची उत्तरं इतकी सारखी येतात की भावंडं वाटावीत. घाबरायचं कारण नाही, कायदा तुमच्याच बाजूला आहे. 2013 मध्ये धर्मवीर सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगून टाकलंय की भरतीच्या वेळी नोंद नसेल तर माणूस निरोगी होता असं मानायचं, सिद्ध करायचा भार जवानावर नाही, आणि बोर्डाने कारणं द्यायची. पुढच्याच वर्षी, राम अवतार खटल्यात, ब्रॉड बँडिंगवरची सरकारची अपिलं गठ्ठ्याने फेटाळली गेली. इतका स्वच्छ कायदा असल्यावर तो प्रत्येकाने आपापल्या खर्चाने आपापल्यापुरता पुन्हा जिंकून आणायचा, इतकंच उरतं.

त्यासाठी सैन्य न्यायाधिकरण आहे. दक्षिण कमांडचं मुख्यालय पुण्यात, खंडपीठ मुंबईत. सकाळी 7:15 ची डेक्कन क्वीन पकडा, दांडा चांगल्या हाताने धरा. रमतगमत गेलात तरी हरकत नाही. उशीर केलेल्या पुष्कळांना थकबाकी मागच्या तीनच वर्षांची मिळालेली आहे, म्हणजे हिशेबाचा तापही कमी.

जिंकाल, बरेच जण जिंकतात. मग नवा पीपीओ, म्हणजे पेन्शनचा आदेश, येईल आणि दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागेल. यंत्रावर अंगठा ठेवायचा, तोच, बधिर असलेला. झिजलेला ठसा यंत्राने नाही घेतला तर 2021 पासून चेहरा दाखवायची सोय झाली आहे. मोबाइल मात्र समोर स्थिर धरायचा, हात हलला की पहिल्यापासून.